चूक टांकसाळीची की हाताची : काही टिपणे

वरठीचं स्टेशन भंडारा रोड या नावानं ओळखलं जातं. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरचं, त्यामुळे मालगाड्यांना तोटा नाही. पोरं फाटकापलीकडे रुळावर रुपया ठेवतात, गाडी गेली की चपटी चकती उचलून आणतात. हा जिवाशी खेळ आहे आणि तो थांबला पाहिजे. पण अलीकडे त्या चकत्यांना एक नवीन भाव आलाय. मोबाईलवर फोटो टाकायचा, खाली ‘एरर कॉइन, टांकसाळीतली चूक, दुर्मिळ’ असं लिहायचं. घेणारेही भेटतात.

टांकसाळीत खरोखर चपटं, पसरट नाणं पडतं. चकतीभोवतीची कॉलर जागेवर नसेल तर ठशाचा दाब बसल्यावर धातू बाहेर सरकतो आणि नाणं नेहमीपेक्षा मोठं होतं. पण तिथे अक्षरं आपल्या मूळ मापाचीच राहतात, पसरतो तो अक्षरांबाहेरचा धातू. नाणं जवळजवळ गोल राहतं. रुळावर उलट होतं. नाणं आधी पूर्ण घडलेलं असतं, मग चाक त्यावरून जातं, म्हणून अक्षरंच ताणली जातात, तीही एका दिशेनं. सिंहाचं तोंड लांबुळकं दिसलं की तो रुपया रुळावरचा.

*

या छंदात तीन ढीग वेगळे ठेवता आले पाहिजेत. टांकसाळीत चुकलेलं नाणं. बाजारात खपवायला केलेलं बनावट नाणं. आणि खरंच नाणं, पण टांकसाळीतून बाहेर पडल्यावर कुणी ठोकलेलं, घासलेलं, कापलेलं, भाजलेलं. नवशिक्यांना फसवतो तो बहुतेक तिसरा ढीग, पण बोललं जातं ते दुसऱ्याबद्दलच.

*

प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कसं झालं? पट्टी लाटली, चकती कापली, भट्टीत मऊ केली, काठ उचलला, ठशाखाली दाबली. यांतल्या कोणत्या पायरीवर काय बिघडलं म्हणून हे असं दिसतंय, ते सलग सांगता आलं तर ती टांकसाळीची चूक. सांगता सांगता मध्येच एखादी पायरी सुटत असेल तर नाणं बाजूला ठेवायचं. ‘असं कधी पाहिलं नाही’ हा पुरावा होत नाही.

*

गावात पोलादाचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे लोखंडाचा दोष ओळखणारी माणसं इथे घरटी भेटतात. क्वालिटीत नोकरी केलेल्या एका शेजाऱ्यांना दोन रुपयांचं एक नाणं दाखवलं. त्याच्या आकड्याजवळ पापुद्रा सुटल्यासारखं सालपट निघालं होतं. त्यांनी भिंगही मागितलं नाही. “लॅमिनेशन आहे जी. पट्टीतच होतं. मळी अडकली असंल, नाही तं हवा. रोलमध्ये दाबून चपटी झाली, वरून दिसली नाही. मंग दाब पडला आन् उलली.” खालचा भाग बोटानं चाचपून म्हणाले, “खरवडलं असतं तं खाली चरे दिसले असते. इथं आतली पाठ खडबडीत हाये, पण चरा नाही.”

नाणेसंग्राहकांच्या जाड पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं. लाटलेल्या धातूचा आतला थर मोकळा झाला की पापुद्रा निघतो, आणि तो चकतीचा दोष असतो, ठशाचा नसतो.

*

उठावदार रेघ आणि खोल रेघ. ठशाला तडा गेला तर दाबताना धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक उठावदार रेघ येते. ती अक्षरावरून, चित्रावरून, पार्श्वभूमीवरून बेधडक जाते, बहुतेक वेळा काठापर्यंत. चाकूनं, खिळ्यानं, फरशीवर घासून आलेली रेघ खोल असते. नवशिक्यानं पहिल्या दिवशी एवढं शिकलं तरी अर्धे पैसे वाचतात.

*

चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं. पट्टी पुढे सरकायला कमी पडली की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अर्धवट चंद्राची निघते. ही चूक खरी की कानशीनं केलेली, हे बघायची फार सुंदर युक्ती आहे. तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बघायची. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथला काठ पडेल, पुसट राहतो. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढल्यासारखी, पातळ होत गेलेली दिसतात.

कानशीवाल्याला हे माहीत नसतं. माहीत असलं तरी करता येत नाही. त्याच्या नाण्यात समोरचा काठ दणदणीत असतो आणि अक्षर मध्येच कापलेलं दिसतं.

*

उलट्या छापाचं नाणं: एका बाजूला सिंह नीट, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत गेलेले, आरशातल्यासारखे. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप बसला, तर असं होतं. फार देखणी चूक आहे. म्हणूनच तिची नक्कल जास्त. दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर घट्ट आवळली की एकाचा उलटा छाप दुसऱ्यावर बसतो. पण शिकंज्यात दोन्हीकडून दाब बसतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं चित्र चेपून सपाट होतं, आणि छापाखाली मूळ आकड्याच्या खुणा राहतातच. खऱ्या चुकीत दुसरी बाजू तलवारीसारखी धारदार असते, कारण तिच्यावर ठसा नेहमीसारखाच बसलेला असतो.

*

‘शोले’तल्या जयचं दोन्हीकडे छापा असलेलं नाणं १९७५ पासून लोकांच्या डोक्यात बसलंय. तसली नाणी जत्रेत, जादूच्या सामानात मिळतात. एक नाणं आतून कोरून वाटी करायची, दुसरं घासून त्या वाटीत बसवायचं. जोड काठाच्या आतल्या अंगाला असतो, नखाला लागतो. ओट्यावर टाकलं तर आवाज बद्द येतो.

*

तिकीट खिडकीवर आयुष्य गेलेल्या माणसाला नाणं आधी कानानं कळतं, मग बोटानं, मग डोळ्यानं. आता मला तराजू लागतो. सोनाराकडचा नको, दोन दशांशांचा छोटा डिजिटल पुरतो. जुनं तांबे-निकेलचं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅम. २००९ साली आलेलं पिवळं पाच रुपयांचं ६ ग्रॅम. दहा रुपयांचं ७.७१ ग्रॅम, व्यास २७ मिलिमीटर. १९९२ साली आलेला मोठा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर.

टांकसाळीची चूक सहसा धातूही बदलत नाही आणि वजनही बदलत नाही. छाप बाजूला सरकलेलं नाणं पुरेपूर भरतं. तुकडा गेलेलं नाणं गेलेल्या तुकड्याएवढंच कमी भरतं. आणि चुकून दुसऱ्याच नाण्याची चकती ठशाखाली आली असेल, तर वजन त्या दुसऱ्या नाण्याचं असलं पाहिजे, मधलंच काहीतरी चालणार नाही.

चुंबक: पोलादी रुपया नि दोन रुपये चिकटतात, पिवळं पाचचं नाणं चिकटत नाही, जुनं तांबे-निकेलचं चिकटत नाही.

*

दहा रुपयांच्या नाण्याबद्दल मला लिहायचंच आहे, कारण या नाण्यावर फार मोठा अन्याय झाला.

आठवडी बाजारात भाजीवालीनं नाणं परत केलं. “घेत नाही जी कोनी. नकली हाये म्हणते.” का नकली? तर वर पंधरा रेघा आहेत, दहा पाहिजेत. कुणी म्हणे ₹ हे चिन्ह नाही म्हणून. विदर्भात कितीतरी गावांत हेच चाललं होतं, आणि हातावर पोट असलेल्या माणसाच्या गल्ल्यात शे-दीडशे रुपये अडकून पडत होते.

खरं कारण साधं आहे. रुपयाचं चिन्ह सरकारनं २०१० च्या जुलैत स्वीकारलं. त्याआधी निघालेल्या नाण्यांवर ते असणारच कसं? २०११ पासून चिन्हासह नवी मांडणी आली, तिच्यात रेघा दहा. जुन्या मांडणीत पंधरा. दोन्ही खरी. रिझर्व्ह बँकेनं २०१६ च्या नोव्हेंबरात खुलासा केला, १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा सांगितलं की दहा रुपयांची चौदा वेगवेगळ्या मांडण्यांची नाणी चलनात आहेत आणि सगळी वैध आहेत. १४४४० या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की उलट फोनवर हीच माहिती ऐकवायची सोय केली.

अफवेला चार पाय फुटायला एक खरी गोष्टही कारण झाली. त्याच सुमाराला दिल्लीकडे पाच आणि दहा रुपयांची बनावट नाणी पाडणारे कारखाने पोलिसांनी पकडले होते. बनावट नाणी आहेत हे खरं, आणि पंधरा रेघांचं नाणं बनावट हे खोटं. लोकांनी दोन्ही एकत्र बांधलं.

सरकारी मांडणी बदलते ती सगळ्या नाण्यांवर एकदम. लाखो नाण्यांवर सारखाच दिसणारा फरक ना टांकसाळीची चूक असतो, ना बनावटगिरी. ती नवीन मांडणी असते. हे एकदा नीट समजावून सांगितलं की भाजीवाली नाणं घेते. मी पाहिलंय.

*

ब्रिटनमध्ये याच्या उलट घडलं. तिथे लोक एक पौंडाचं गोल नाणं डोळे मिटून घेत होते आणि शंभरात तीन खोटी निघत होती. १९८३ पासूनचं ते नाणं. त्याची कड मोठी बोलकी होती. कडेवर लेख कोरलेला, आणि मागच्या बाजूचं चित्र सारखं बदलणारं: कधी वेल्सचा ड्रॅगन, कधी स्कॉटलंडचा सिंह. बनावटवाल्यांकडे ठसे मोजकेच असायचे. मग एखाद्या वर्षाच्या राणीमागे भलत्याच वर्षाचं चित्र यायचं, किंवा कडेवर दुसऱ्याच चित्रासोबतचा लेख. पारखणारे सगळ्यात आधी वर्ष, चित्र आणि कडेचा लेख यांचा मेळ बघत. अक्षरं कडेवर पुसट, उथळ असली तर दुसरी खूण. दोन बाजू एकमेकींशी सरळ नसल्या तर तिसरी.

शेवटी २८ मार्च २०१७ ला बाराकोनी, दोन धातूंचं नाणं आलं आणि १५ ऑक्टोबर २०१७ ला गोल पौंड चलनातून गेला.

*

या तिसऱ्या खुणेवर जरा थांबतो, कारण खरी अडचण इथेच आहे.

आपलं आताचं कोणतंही नाणं वर-खाली दोन बोटांत धरा, सिंह सरळ ठेवा आणि उभ्या अक्षावर फिरवा. आकडा सरळच दिसला पाहिजे. ब्रिटिश नाण्यांचंही तेच. तिरका दिसला तर? टांकसाळीतही ठसा आपल्या जागी सैल होऊन फिरू शकतो. संग्राहक अशा नाण्यांना चांगले पैसे देतात. आणि बनावट गोल पौंड ओळखायची खूणसुद्धा हीच! म्हणजे एकच लक्षण दोन्ही घरांत सापडतं.

तेव्हा एका लक्षणावर निकाल द्यायचा नाही. दोन बाजू फिरलेल्या आहेत, पण अक्षरं धारदार, काठ पुरा, वजन बरोबर, कड बरोबर, वर्ष आणि चित्राचा मेळ बरोबर, तर चूक टांकसाळीची. फिरलेल्या बाजूंबरोबर आणखी दोन गोष्टी ढिल्या असतील तर नाणं संशयित. बनावट नाण्यात एकच गोष्ट चुकलेली असं फार क्वचित होतं. टांकसाळीच्या नाण्यात बहुधा एकच चुकलेली असते, बाकी सगळं जिथल्या तिथे.

*

टांकसाळ जागा चुकते, दाब चुकते, चकती चुकते, ठशाची जोडी चुकते. अक्षराचं वळण चुकत नाही. एका मूळ ठशावरून उपठसे निघतात, त्यांतून कामाचे ठसे, म्हणून त्या वर्षाच्या सगळ्या नाण्यांवर ‘भारत’ एकाच वळणाचं. एखाद्याच नाण्यावर ‘र’चं पोट जाड, शिरोरेघ वाकडी, सिंहाची आयाळ वेगळी असेल तर कुणीतरी स्वतंत्र ठसा बनवला. ते बनावट. त्यात चर्चेला जागा नाही.

मूळ ठशातच चूक झाली तर? होते. चिली देशानं २००८ साली पन्नास पेसोच्या नाण्यावर स्वतःचंच नाव चुकीचं छापलं, ‘एल’च्या जागी ‘आय’. पण ती चूक त्या ठशाच्या सगळ्याच नाण्यांवर आली.

आपल्याकडे १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या पदकमाळेत हत्ती होता, पण कोरणी अशी की सोंड आखूड दिसली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. गहजब झाला. नाणी परत मागवली गेली, १९१२ च्या रुपयावर सोंड स्पष्ट केली. बाजारात आजही ‘डुक्कर रुपया’ म्हणूनच मागतात. ही चूक कोरणाऱ्याची, यंत्राची नव्हे.

*

ठशांची जोडी चुकल्याचं सगळ्यात सुबक उदाहरण ब्रिटनचं, २००८ चं वीस पेन्सचं नाणं. त्या वर्षी मागच्या बाजूचं चित्र बदललं, ढालीचा तुकडा आला, आणि मागे असलेलं साल पुढे राणीच्या बाजूला नेलं. काही नाण्यांना मागचा ठसा नवा लागला, पुढचा जुना. जुन्या पुढच्या ठशावर साल नव्हतं. नव्या मागच्यावरही नव्हतं. सालच नसलेली नाणी बाहेर पडली. अडीच लाखांच्या आत असावीत, असा तिथल्या टांकसाळीचा अंदाज.

साल खरवडून काढणारे लगेच पुढे आले. पण या नाण्यात साल पुसलेलं नाही, त्यासाठी ठेवलेली जागाच नाही. जुन्या ठशावर राणीभोवतीची अक्षरं वेगळ्या अंतरानं मांडलेली. हे माहीत असलेल्याला फसवता येत नाही.

*

१९८५ चा रुपया. सालाखाली ‘एच’ अक्षर. कुणी म्हणतं खोटं, कुणी म्हणतं लाखाचं. दोन्ही नाही. त्या काळात आपल्या टांकसाळींना मागणी पुरी पडेना, म्हणून नाणी बाहेरून पाडून घेतली. ‘एच’ म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. त्याच वर्षीचे काही रुपये वेल्समधल्या लँट्रिसंटला, ब्रिटिश रॉयल मिंटमध्ये पडले. पुढे मॉस्कोत पाडलेली पाच रुपयांची नाणीही आली, रशियन अक्षरांची खूण असलेली.

आपल्या खुणा पाठ असाव्यात: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोइडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. एवढं ठाऊक नसल्यामुळे कोलकात्याचं नाणं ‘खूण विसरलेलं’ म्हणून विकणारे भेटतात.

*

दोनदा छाप बसलेलं नाणं म्हटलं की मला नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी आठवतं. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. नहपानाचा चेहरा खाली अर्धवट दिसतो, वर सातवाहनांची खूण. भिंगातून पाहिलं तर यंत्राच्या दुहेरी छापासारखंच दिसतं. पण ते राज्य जिंकल्याचं जाहीर पत्रक आहे, दारोदार फिरणारं. ‘कसं झालं’ याच्या उत्तरात कधी यंत्र नसतं, राजा असतो.

अशी नाणी प्रत्यक्ष बघायची तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. छंद गंभीरपणे घेणाऱ्यानं तिथे जावं. भंडाऱ्याहून जवळ पडतो तो नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय. विदर्भातली पुरलेली धनं पूर्वीपासून तिथे जमा होत आली.

*

१९३९ चा चांदीचा रुपया. फार थोडे उरलेत, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करतात. आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू कापली की नऊ होतो. भिंगात कापलेल्या जागी पार्श्वभूमी खरडलेली दिसते. सहावा जॉर्ज असलेला रुपया १९४० पासून निम्म्या चांदीचा झाला आणि बनावटगिरीवर उपाय म्हणून त्याच्या कडेला मधून खोबण असलेली सुरक्षा किनार आली. म्हणजे कडेनं बोलायची रीत आपल्याकडे तेव्हाच पडली होती.

*

फोन येतो: वैष्णोदेवीचं पाचचं नाणं आहे का, दहा लाख देतो, आधी नोंदणी फी भरा. हे नाणं २०१२ चं स्मारक नाणं, चलनात भरपूर आलेलं. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, कसलं कमिशन किंवा फी घेत नाही, आपलं नाव वापरायला कुणालाही परवानगी दिलेली नाही. ‘तांदूळ ओढणारं’ ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं हा याचाच थोरला भाऊ. तांदळाच्या दाण्यांत लोखंडाची पूड घातलेली असते. यात लोकांनी शेती विकलीय. अशा माणसाला हसू नये, त्याला बसवून नाणं वाचायला शिकवावं.

*

बनावट नाणं हातात आलं तर ते पुढे खपवायचं नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १७८ पासून हा गुन्हा आहे, ठाऊक असून खपवणं हाही. चालू नाणं वितळवणं, नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्यानं मना आहे. कानशीनं ‘एरर’ बनवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

*

वीस रुपयांचं बाराकोनी नाणं अजून आपल्याकडे कमी फिरतं. मांडणी दहाच्या उलट: बाहेरची कडी पांढरी, आतली चकती पिवळी. व्यास तोच, २७ मिलिमीटर. ब्रिटिश बाराकोनी पौंडाच्या एकाआड एक बाजूंना दाते आहेत, आपल्या वीसच्या कडेला दातेच नाहीत. म्हणजे कडेची साक्ष इथे मिळणार नाही. मग कोपरे सारखे आहेत का ते बघायचं, कडी आणि चकती यांच्या जोडाची रेघ भिंगाखाली सगळीकडून फिरवून बघायची, कुठे फट, डाग, चिकटवल्याची खूण आहे का ते, आणि शेवटी वजन: ८.५४ ग्रॅम.